जाड पत्र्याची भक्ती

जिप्सी ही जीप नव्हे, असं मी निदान वीस वर्षं लोकांना सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, गॅरेजात सांगितलं, समोरच्याने विचारलं नसतानाही सांगितलं. जीप म्हणजे विलीज. फार तर महिंद्राची सीजे. जिप्सी म्हणजे उंच टाचा घातलेली मारुती आठशे, असं माझं एक ठरलेलं वाक्य होतं आणि त्यावर लोक हसायचे, त्यामुळे ते मी सोडत नव्हतो.

आता माझ्या नावावर १९८९ सालची जिप्सी आहे. ज्यांनी माझी ती प्रवचनं ऐकली ते साहजिकच जाब विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर, कोल्हापूरचा. अपघात झालेल्या गाड्यांचं नुकसान मोजायचं, फोटो काढायचे, चॅसी नंबर घासून बघायचा, अहवाल लिहायचा. या धंद्यात माणसाची पत्र्याबद्दल मतं फार लवकर पक्की होतात. घाटात नव्या मोटारीला जुनी जीप ठोकते तेव्हा मोटार क्रेनवर जाते आणि जीपवाला बंपर लाथेने सरळ करून घरी जातो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. त्यावरून जाड लोखंड म्हणजे चांगली गाडी हे समीकरण डोक्यात बसलं. खरं तर नव्या मोटारीचा पत्रा चुरगळतो तो आतल्या माणसाला वाचवण्यासाठी चुरगळतो, हे मला माहीत होतं. अहवालात तसं लिहिलंही असेल. पण अहवाल नोकरीचा आणि भक्ती हौसेची, दोन्ही वेगळ्या कप्प्यांत राहिली.

भक्तीला दुसरंही मूळ होतं. वडील पाटबंधारे खात्यात. खात्याची उंच बॉनेटची जीप त्यांना घ्यायला यायची. ती सीजे-३बी. बॉनेट उंच का, हे मला फार नंतर कळलं. युद्धातल्या विलीजचं इंजिन बसकं होतं, व्हॉल्व्ह बाजूला असलेलं. नंतर विलीज कंपनीने त्याच ब्लॉकवर एक व्हॉल्व्ह वर घेतलेलं नवं हेड बसवलं, ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. ते झाकायला १९५३ साली बॉनेट उचलावं लागलं. अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र महिंद्राने ती पुढेही चालवली, आणि मामलेदारापासून मलेरियाच्या फवारणीवाल्यापर्यंत सरकार म्हणजे हीच जीप, अशी एका पिढीची समजूत झाली. माझीही.

मुलीचं शिक्षण संपलं तेव्हा हौसेला पैसे काढायचं ठरवलं. बायकोने दोनच अटी घातल्या. "अहो, कागद स्वच्छ पाहिजेत, आणि ती फाटकाच्या आत मावली पाहिजे." दुसऱ्यांच्या गाड्यांचे कागद तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पहिली अट सोपी वाटली. तीच सर्वांत अवघड निघाली.

सुरुवात अर्थातच विलीजपासून. महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. विलीजची ती एमबी, फोर्डची जीपीडब्ल्यू. युद्ध संपल्यावर त्यातल्या कित्येक आपल्याकडे लिलावात निघाल्या. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून जीप उभ्या करायला सुरुवात केली. त्यामुळे जुन्या जीपा देशभर विखुरलेल्या आहेत आणि 'अस्सल विलीज'ही गल्लोगल्ली विकायला आहेत.

अस्सल ओळखायची कशी, हे मी अभ्यास करून शिकलो होतो. चॅसीच्या पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा असेल तर विलीज, चौकोनी पट्टीचा असेल तर फोर्ड. फोर्डने बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा आपला 'एफ' कोरला होता. एका गावात १९४४ची म्हणून सांगितलेली गाडी बघायला गेलो, तेव्हा सोबत आमचा मिस्त्री होता. आडवा दांडा गोल. मी खूश. मग बोल्टांवर बॅटरी मारली तर चार ठिकाणी 'एफ'. बॉनेट बसकं, पण मधोमध कापून वर फुगा काढलेला, कारण आत नंतरचं उंच इंजिन कोंबलेलं. मागचा टब कोरा करकरीत. असे टब फिलिपाइन्समध्ये आजही नव्याने बनतात. आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात डिझेल. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी डिझेल इंजिन बसवलं, त्याची नोंद केली, मग कुणीतरी पुन्हा पेट्रोल बसवलं आणि नोंद केली नाही. मिस्त्री चाकाला टेकून म्हणाला, "सायेब, ह्यात विलीज फकस्त चॅसी हाय. बाकी सगळं गावचं हाय."

एवढ्याने मी खचलो नाही. खरी, सगळे भाग जागेवर असलेली विलीज मिळणं दुर्मीळ, पण मिळते. पैसे जास्त पडतात इतकंच. मला खचवलं ते नियमाने. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ राखलेली गाडी असेल तर वीस हजार रुपये भरून 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी. नियम चांगला आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथे जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणजे माझ्यापुढचा हिशेब असा झाला: विलीज खरी असेल आणि तिचा मान राखायचा असेल, तर ती चिखलात न्यायची नाही. आणि चिखलात न्यायची तर ती बहुधा खरी नसलेलीच मिळणार, तिच्या कागदांची जबाबदारी पुढे माझ्या गळ्यात.

इथे एक कबूल करायला हवं. विलीज हवी होती त्यातला निम्मा भाग गाडीचा नव्हताच. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती उभी असावी, लोकांनी भोवती जमावं, कुणी तरी "किती सालची ओ?" म्हणून विचारावं आणि मी सहज सांगितल्यासारखं "चव्वेचाळीस" म्हणावं, हा सगळा देखावा मी मनात कितीदा तरी रंगवला होता. त्या चित्रात मी गाडी चालवत नव्हतो. तिला टेकून उभा होतो.

जोंगाचा विचार फार काळ टिकला नाही. सैन्यासाठी जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसान पॅट्रोलच्या आराखड्यावर बनलेली ही गाडी १९९९पर्यंत निघत होती. सहा सिलिंडरचं जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, ११० अश्वशक्ती. आवाज असा की छाती भरून येते. धोनीने २०१९मध्ये एक घेतली तेव्हापासून जोंगा विकणाऱ्यांचा सूरही बदलला. मी एक चालवून पाहिली. सरळ रस्त्यावर राजेशाही गाडी. आमच्या गल्लीच्या वळणावर ती एका दमात वळेना, आणि पेट्रोलचा काटा माझ्या डोळ्यांदेखत सरकला. फाटकाची अट तिथेच मोडली. धोनीच्या घराचं फाटक मोठं असणार.

मग सगळ्या शहाण्यांनी सुचवलेली गाडी: महिंद्राची एमएम ५४०. प्यूजोच्या परवान्याने इगतपुरीत बनलेलं २११२ सीसी डिझेल इंजिन, जे कुठल्याही तालुक्याच्या गावी कुठलाही फिटर उघडून बसवतो. चाकांमधलं अंतर विलीजपेक्षा अकरा इंच जास्त, त्यामुळे मागे माणसं बसू शकतात. पाटे, बुश, क्रॉस, क्राउन-पिनियन, सगळं दुकानात उभ्या उभ्या मिळतं. जुनी गाडी घेणाऱ्याला याहून मोठं सुख नाही, आणि आजही कुणी मला सरळ सल्ला मागितला तर पहिलं नाव मी हेच घेतो. एका गाडीचा सौदा मी जवळजवळ ठरवलाही होता. पत्रा जाड, पुढे चॅनेलचा बंपर, रंग ऑलिव्ह ग्रीन. माझ्या भक्तीला शोभेल अशी.

तेवढ्यात शाहूवाडीकडे एका मित्राच्या शेतावर जाणं झालं. भातकापणी नुकतीच झालेली, खाचरांत वरून वाळल्यासारखी दिसणारी आणि आत लोण्यासारखी माती. मित्राकडे एमएम ५४० होती, हौसेने सजवलेली. पुढे जाड बंपर, त्यावर विंच, वर लोखंडी पिंजरा, मागे दोन स्टेपन्या. हरयाणात मंडी डबवालीला जुन्या जीपा कापून-जोडून नव्याने थाटण्याचा जो मोठा धंदा चालतो, त्या धाटणीची. फोर बाय फोर टाकलं, लो गिअर टाकला आणि खाचर ओलांडताना ती हाउसिंगपर्यंत बसली. चाकं फिरायची ती आणखी खाली जाण्यासाठीच.

तिथल्या दूध संस्थेचे जनावरांचे डॉक्टर त्याच वेळी पलीकडच्या वस्तीवर निघाले होते. एक हजार सीसीची जुनी जिप्सी, कापडी टपाची, डाव्या दरवाजाला दोरी. आम्ही फसलो होतो तिथून दहा हातांवरून ते गेले. ऐटीत नव्हे, कुथत, घसरत, पण गेले. येताना एका बांधाला त्यांचीही गाडी अडकली. तेव्हा वस्तीवरच्या चार जणांनी मागून खांदा दिला आणि ती निघाली. आमच्या गाडीला मात्र ट्रॅक्टर येईपर्यंत वाट बघावी लागली. विंच होता, पण तो बांधायला जवळपास झाडच नव्हतं.

हलकी गाडी चिखलात कमी रुतते, यात शोध काय? भौतिकशास्त्राचं पहिलं पान. तरी मला ते डोळ्यांनी बघावं लागलं, कारण माझ्या मनात 'जड' आणि 'दमदार' हे एकच होऊन बसलं होतं. त्या दिवसानंतर मी जीपचा जन्म पुन्हा वाचायला घेतला, या वेळी वजनाकडे लक्ष ठेवून. आणि माझी पंचाईत झाली.

१९४० साली अमेरिकन सैन्याने छोट्या टेहळणी गाडीची मागणी काढली, तेव्हा वजनाची मर्यादा ठेवली होती १३०० पौंड. म्हणजे ५९० किलो. कुणालाही ते जमण्यासारखं नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि ४९ दिवसांच्या मुदतीत पहिली गाडी त्या सप्टेंबरात सैन्याच्या दारात उभी राहिली. तीही वजनात बसत नव्हती. शेवटी मर्यादा २१६० पौंडांवर, ९८० किलोंच्या आसपास, आली. विलीजचं इंजिन सगळ्यांत ताकदवान, ६० अश्वशक्तीचं, पण गाडी भारी. मग त्यांचा मुख्य अभियंता बार्नी रूस याने गाडी सुटी करून एकेक भाग तोलायला घेतला. बोल्टांची जास्तीची टोकं कापली, रंगाचा एकच हात ठेवला, असं सांगतात. ज्या गाडीला मी जाड लोखंडाची देवी समजत होतो, तिला जन्माला घालणारा माणूस बोल्टाची टोकं छाटत बसला होता.

जीप जड झाली ती पुढे. डिझेल इंजिनांनी झाली, लांबीने झाली, आणि सगळ्यांत जास्त आपल्यासारख्या हौशी लोकांनी केली. चॅनेलचे बंपर, पिंजरे, रुंद टायर. १९४१च्या गाडीचा हेतू काय होता, असं विचारलं तर उत्तर 'चार माणसांनी ढकलली की निघेल इतकी हलकी' याच्या जवळपास येतं.

जिप्सीची वंशावळही मी तोवर कधी नीट पाहिली नव्हती. मारुती आठशे उंच करून ती झालेली नाही. जपानमध्ये होप नावाच्या लहान कंपनीने साठच्या दशकाच्या शेवटी मित्सुबिशीचं छोटं इंजिन घालून एक चिमुकली फोर बाय फोर बनवली. मित्सुबिशी तर तेव्हा विलीजच्या परवान्याने जीपच बनवत होती. होपची गाडी सुझुकीने विकत घेतली, तिची १९७० साली पहिली जिम्नी झाली, पुढे एसजे ४१०, आणि तीच लांब करून १९८५च्या डिसेंबरात आपल्याकडे जिप्सी म्हणून आली. शिडीची चॅसी, पुढे-मागे सलग ॲक्सल, चारी बाजूंना पाटे, लो गिअर. ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. माझ्या व्याख्येतली जीप हीच होती की. फक्त पत्रा पातळ होता.

म्हणून एमएम ५४०चा सौदा मोडला. ज्यांचा मोडला ते अजून बोलत नाहीत. जिप्सी शोधायला मात्र वेळ लागला, कारण बहुतेक जिप्स्यांचं एक तर ताडोबाकडच्या सफारीत आयुष्य गेलेलं असतं, नाही तर मागच्या मालकाने त्यात १३००चं इंजिन बसवून ते कागदावर घेतलेलं नसतं. मला सापडली ती एका निवृत्त प्राध्यापकांकडे. पहिलं इंजिन, पहिला मालक, आरसीतला नंबर आणि चॅसीवरचं पंचिंग तंतोतंत. सर्व्हेअरच्या डोळ्यांना त्या क्षणी जे वाटलं ते विलीजच्या गोल दांड्यापाशीही वाटलं नव्हतं.

आता तिचे दोष. ते लपवले तर या लिहिण्याला अर्थ नाही. पाटे इतके कडक की पाठीला एकेक खड्डा मोजून कळतो. माझ्या वयाला एमएम ५४० बरी होती. मागची बाकं आडवी, त्यावर बसून गगनबावड्यापर्यंत गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. चढाला ४५ घोडे लवकर दमतात, मागे एसटी लागली की बाजूला व्हावं लागतं. हजार सीसीच्या जुन्या गाडीचे काही भाग जमवायला फोनवर फोन करावे लागतात. जीपवाला त्याच वेळी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाग घेऊन घरी गेलेला असतो. आणि फ्लोअरचा पत्रा. पायपोस उचलल्यावर खालचा रस्ता दिसला. पस्तीस पावसाळे खाल्लेल्या पातळ पत्र्याचं असंच होणार. तो कापून नवा जोडताना मिस्त्रीने विचारलं, "जाड टाकू का वाईच? भक्कम हुईल." मी नको म्हणालो, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू या माणसाची तब्येत ठीक नाही.

तेराशेचं इंजिन बसवायचा आग्रहही त्याने केला. मोह होतो, नाही कसा म्हणू? पण गाडीत मूळ रचनेपलीकडे बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्वच्छ सांगितलं आहे, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला की दाव्याचं काय होतं, ते मी रोज टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघतो. पंधरा वर्षांपुढच्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीचे सहाशे रुपये २०२२च्या एप्रिलपासून पाच हजार झाले, वर पर्यावरण कर. एवढं भरून गाडी कायद्यात ठेवायची आणि मग आत चोरून इंजिन घालायचं, हे जमणार नाही.

ती न्यायची कुठे, हाही प्रश्न आहे आणि त्यावर माझं मत आमच्या मंडळींत फारसं आवडत नाही. सड्यांवर गाडी घालणं मी बंद केलं. कासचं पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२मध्ये जागतिक वारसा झालं, तिथे कुणी आता गाडी घालत नाही. पण कोल्हापूर जिल्ह्यात तसेच कातळ, तशीच इंचभर मातीतली झाडं, आणि तिथे सुट्टीच्या दिवशी जीपांच्या रांगा. चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाहतं आणि माती घेऊन जातं. माझी जिप्सी हलकी आहे म्हणून कमी नासधूस करते, ही सबब मी स्वतःला देऊन पाहिली. टिकली नाही. मित्रांच्या शेतातले रस्ते, ओढ्यांचे उतार, कारखान्याच्या गाड्यांनी उखडलेल्या ऊसवाटा, एवढं मला पुरतं. ऊसवाटा तर मे महिन्यातही पुरेशा वाईट असतात.

जुन्या मित्रांपैकी एकाने मला सरळ विचारलं, "मग वीस वर्षं आम्हाला काय सांगत होतास?" त्याने माझ्या सांगण्यावरून हातातली जिप्सी विकून जीप घेतली होती. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी त्याला जेवायला नेलं.

जीपचं वेड गेलं, असा मात्र कुणी अर्थ काढू नये. मूळ पेट्रोल इंजिनाची, उंच बॉनेटची, खात्यातून लिलावात निघालेली सीजे-३बी स्वच्छ कागदांसह कुठे असेल तर कळवा, मी बघायला येईन. घेईन की नाही, हे माझ्या हातात नाही. फाटकाच्या आतली उरलेली जागा बायकोच्या स्कूटरची आहे, आणि ती विकणार नाही असं तिने आधीच सांगून ठेवलंय.